आर्चीच्या काळातली रायफल

वसईचे ज्युड तुस्कानो परदेशातल्या व्हिटबी शहरात रिटायर झाल्यावर पहिल्या महायुद्धातल्या रायफली जमवू लागले. बेसमेंटमधल्या कुलपातल्या त्या रायफलींना ते कुणालाही हात लावू देत नसत. एकदा शेजारच्या नव्वदीच्या मिसेस मॅकलाउड बघायला आल्या. त्यांच्या वडिलांचा धाकटा भाऊ आर्ची त्या युद्धात फ्रान्समध्ये मारला गेला होता.

"जरा हातात देतोस?" त्यांनी विचारलं.

ज्युडना नाही म्हणवेना. त्यांनी एक रिकामी रायफल बाईंच्या हातांत ठेवली आणि खालून आधार दिला.

"केवढी जड आहे रे! पोर होतं ते, अठरा वर्षांचं," म्हणत म्हातारी रडू लागली. ज्युड भार पेलत उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी नवी रायफल घेतली नाही. नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, ते आपल्या दिवंगत आईवडिलांबरोबर आर्चीच्या नावानंही चर्चमध्ये मिस्साचा प्रार्थनाविधी करवून घेतात.