काल आपल्या भागात कोणी गेलं नाही

आरोग्य कचेरीत तिला सगळे टक्केताई म्हणत. मागच्या खोलीत बसून रोगराईचे टक्के काढायचे, हेच तिचं काम. "टक्के खाणारे पुष्कळ पाहिले, पण टक्के काढून उपाशी राहणारी ही पहिलीच," असं शिपाई म्हणायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.

साथ आली आणि ते हसणं आटलं. कचेरीच्या प्रमुख डॉक्टरबाईंना रोज संध्याकाळी एक आकडा हवा असे: रोग झालेल्या शंभरांतले किती दगावले. भागाकार शाळेतल्या पोराला जमेल इतका सोपा. मेलेले वर, आजारी खाली. तरी टक्केताईला त्या आकड्याची धास्ती वाटे. चाचणीचं साहित्य तुटपुंजं, त्यामुळे धापा टाकत इस्पितळात पोचलेल्यांचीच तपासणी व्हायची. घरीच खोकून बरा झालेला माणूस हिशेबात यायचाच नाही, म्हणून दर भयंकर दिसे. उलट, जे अजून खाटेवर पडून होते त्यांचं पुढं काय होणार हे कोणाला ठाऊक? तेही आजाऱ्यांत धरले जात, पण त्यांच्यातले जाणारे अजून वरच्या आकड्यात आलेले नसत. तेवढ्यानं दर खाली यायचा.

"मॅडम, आकडा वरूनही कच्चा आहे आणि खालूनही," ती एकदा म्हणाली.

"कळतंय गं मला. पण पत्रकार दारात उभे आहेत. 'आजवरच्या माहितीनुसार' असं घाल, मी ते दोनदा वाचते."

डॉक्टरबाई खरोखरच दोनदा वाचायच्या. छापून मात्र नुसता आकडाच यायचा.

अशात तिचे बाबा आजारी पडले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला दणकट माणूस, पण आता न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंत धरू लागला. चाचणीसाठी नाव नोंदवलं होतं. लेकीनं कचेरीत शब्द टाकावा म्हणून आई मागे लागली, तर बाबांनीच दटावलं. "रांग मोडायची नाही. माझ्यासारखे छप्पन जण ताटकळत असतील." पाळी यायच्या आधीच एका सकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मान टाकली. दाखल्यावर लिहिलं गेलं: श्वास बंद पडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई रेडिओजवळ बसली होती. बातम्या संपल्या तशी ती लेकीकडे न बघता म्हणाली, "काल आपल्या भागात कोणीच गेलं नाही म्हणे."

टक्केताई रजेवर होती. पण तिनं आकडा काढला असता तरी तोच निघाला असता. चाचणी नाही तर मोजणीत नाही, असा नियमच होता.

"म्हणजे बाबांना धरलंच नाही तुम्ही?"

"नाही, आई."

आईनं रेडिओ बंद केला आणि आत निघून गेली.

कामावर परतल्यावर टक्केताईनं हे सगळं डॉक्टरबाईंना सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. डॉक्टरबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "आता कारण बघायचंच नाही. मृत्यूची नोंद झालेलं प्रत्येक माणूस घे. एरवी या दिवसांत किती जातात आणि यंदा किती गेले, ते ताडून बघ. मी घरोघरी रक्त तपासायची व्यवस्था करते. रोग येऊन गेला असेल तर रक्तात खूण राहते."

त्या कामानं दोघींचा पिट्ट्या पडला. जाहीर केले होते त्याहून कितीतरी जास्त लोक गेले होते. टक्केताईनं घरी येऊन सांगितलं, "बाबा आता हिशेबात आलेत, आई. अतिरिक्त मृत्यूंमध्ये."

"अतिरिक्त?" आईचा चेहरा तांबडा झाला. "माझं माणूस तुम्हाला जास्तीचं झालं होय?"

टक्केताईला तोंडात मारल्यासारखं झालं. अहवालात तिनं तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'एरवी जे गेले नसते ते'. डॉक्टरबाईंनी ते तसंच राहू दिलं.

रक्ततपासणीसाठी निवडलेल्या घरांत टक्केताईचंही घर निघालं. आईनं मुकाट्यानं हात पुढं केला. निकाल आला तेव्हा टक्केताईलाच तो वाचून दाखवावा लागला. आईला रोग येऊन गेला होता, तिच्या नकळत.

"मला तेव्हा जराशी कणकण होती," आई हळूच म्हणाली. "ह्यांच्या आधी. म्हणजे मीच..."

"कोणी कोणाला दिला ते रक्त सांगत नाही, आई. मलाही काढता येणार नाही."

"तुला सगळं काढता येतं."

"हे नाही येत."

आई रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि लेकीला मिठी मारून. डोळे पुसल्यावर तिनं विचारलं, "आता लोकांना काय सांगणार?"

"सांगितलं होतं त्याहून जास्त माणसं गेली. पण रोगही सांगितला होता त्याच्या कितीतरी पट लोकांना होऊन गेला, त्यामुळे शंभरांमागे जाणारे कमी निघालेत."

"दोन्ही खरं?"

"दोन्ही."

आई म्हणाली, "मग दोन्ही सांगा. नुसतं कमी झाले म्हणालात तर माझ्यासारखीला ते सोसायचं नाही."

डॉक्टरबाईंनी पत्रकारांपुढं दोन्ही सांगितलं. काहींनी दोन्ही छापलं, बऱ्याच जणांनी एकच.