हात न लावता काढलेली पट्टी

"तूच लाव," मशीनवाला म्हणला आणि मागं सरून भिंतीला टेकला.

माय टेबलावर उताणी पडली होती. चोळीची गाठ सोडलेली, पदर बाजूला. बाजूच्या स्टुलावर ट्रे होता. त्यात रंगीत वायरी, हातापायाला लावायचे चिमटे आणि छातीला चिकटवायच्या रबरी फुग्यांच्या वाट्या. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायचं ते मशीन. मला त्यातलं काय कळणार? तो लाकडी फूटपट्टीनं दुरून दाखवत होता.

"लाल उजव्या हाताला. पिवळी डाव्या. वाटी छातीवर. हां, तिथंच कुठंतरी. दाब."

मी मायच्या पायाकडं उभी. माझा उजवा का तिचा उजवा, ते इचारायचंबी धाडस झालं न्हाई. बोटानं जेली लावली. वाटी निसटायची, परत दाबायची. माय डोळे मिटून पडलेली. परक्या माणसापुढं उघडी पडलेली माझी माय, आन् तिच्या अंगावर चाचपडणारी मी. लाज वाटली. राग आला न्हाई, ह्याचाच आता राग येतो.

आमच्या आधी एक बाई होती. पडदा अर्धाच होता, मला दिसत होतं. तिला त्यानं सगळं आपल्या हातानं लावलं. "काकू, जरा थंड लागल," असं म्हणूनबी घेतलं. मंग आमचा नंबर आला. त्यानं नाव इचारलं, गाव इचारलं, मंग गावात राहता कुठं ते इचारलं.

"बुद्धविहाराच्या माघारी," माय म्हणली.

झालं. तेवढ्यानंच त्याचा हात आखडला.

लातूर नवा नवा जिल्हा झालता तवाचं हे. कचेऱ्या आल्या, साहेब आले, डॉक्टरांच्या पाट्या वाढल्या. पाऊस तेवढा आला न्हाई. आमच्या गावाची हीर कोरडी पडली आन् सगळं गाव तलावाच्या कामावर. माय खडी फोडायची. घमेलं घेऊन चढ चढली की तिच्या छातीत दुखायचं, डावा हात भरून यायचा. जरा टेकली की थांबायचं. मुकादम म्हणायचा, "घमेलं बघितलं की हिला दुखतंय." बाया हसायच्या. मायबी हसायची. दुसरं काय करील?

मंग एक दिवस टेकूनबी थांबलं न्हाई. खडीच्या ढिगाला पाठ लावून ती ओकत राहिली. घामानं चिंब, तोंड पार पांढरंफटक. दुसऱ्या दिवशी मी तिला लातूरला आणलं. मी कॉलेजात शिकत होते, घरात शिकलेली म्हणून मीच संगं.

डॉक्टरनं पट्टी टेबलावर पसरली. तपासायची नळी गळ्यात होती ती गळ्यातच राहिली.

"हृदय ठीक आहे. गॅस आहे. तिखट कमी करा."

खोटं कशाला सांगू, आम्ही खूश झालो. येष्टीत माय खिडकीपाशी बसली आन् म्हणली, "म्या उगंच भ्याले गं." चार दिवसांनी परत खडीवर गेली.

उन्हाळा तापला तशी ती सुजत गेली. आधी पावलं, मंग पोटऱ्या. बोट दाबलं की खड्डा पडायचा आन् तसाच राहायचा. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला वाकळ लावून बसूनच झोपायची. शेजारची चंद्रभागाआत्या टँकरच्या रांगेत तिची मस्करी करायची. "गावात थेंब न्हाई, आन् तुझ्या पायात एवढं पाणी आलं कुठून गं?" माय हसली की खोकल्याची उबळ यायची. मंग आत्याच तिची पाठ चोळत बसायची. पुढं पुढं आत्यानंबी मस्करी सोडली.

परत लातूर. तोच दवाखाना, कारण हृदयाचा दुसरा आम्हाला ठावा नव्हता. तेच टेबल. मायला आडवं होता येईना, मी पाठीमागून धरून बसवली. तिच्या छातीतून घुर्र घुर्र आवाज येत होता. मशीनवाल्यानं ट्रे स्टुलावर ठेवला आन् भिंतीकडं सरला.

"लाव तूच. मागं लावलं होतंस की."

मागं लावलं होतं. मी लाल वायर उचलली आन् हात तिथंच थांबला. मागल्या बारीला मीच लावलं. मला कुठं येत होतं लावाया? मंग डॉक्टर 'ठीक आहे' म्हणला तो कशाच्या भरवशावर? म्हणजे मायला कुणी तपासलंच नव्हतं.

मी वायर ट्रेमधी टाकली.

"मी लावत न्हाई. ज्याला येतं त्यानं लावायचं."

"मंग घेऊन जा हिला."

"नेतबी न्हाई."

मायनं माझं मनगट धरलं. तिचे ओठ निळे पडलेले. एकेक शब्दाला थांबून म्हणली, "लाव की बाई. जीव चाललाय माझा." तिच्या डोळ्यांत नुसती भीती. वाटलं, लावून टाकावं. मान गेली खड्ड्यात, माय जगू दे. पण मी लावलेल्या वायरीनं माय जगणार नव्हती. तिला छातीशी धरून मी टेबल अडवून उभी राहिले आन् ओरडले. बाहेरचे पेशंट उठून पडद्यापाशी आले. मंग डॉक्टर आला.

"काय गोंधळ आहे?"

"मागली पट्टी मी लावून काढली, डॉक्टर. तुमच्या माणसानं मायला बोट लावलं न्हाई. तुम्हीबी लावलं न्हाई."

डॉक्टरनं पडद्यापाशी जमलेली माणसं बघितली. मंग डॉक्टरनं बाह्या सारल्या आन् चिमटे आपल्या हातानं लावले. पाठीला नळी लावली, मानेची शीर बघितली, पाय दाबून बघितले. पट्टी लांबच लांब निघाली.

"अटॅक येऊन गेलाय," तो म्हणला. "हृदयाचा एक भाग मेलाय. पंप नीट चालत नाही, म्हणून पाणी साचतंय."

"मागं आलो तवाच आला होता ना?"

"आता ते काढून काय उपयोग."

सुई दिली. लघवीच्या गोळ्या दिल्या, हृदयाच्या दिल्या. मीठ बंद, पाणी मोजून प्या म्हणला. माय म्हणली, "मोजूनच पितो आम्ही साहेब. टँकर येतो तवा."

सूज उतरली, दमबी कमी झाला. पण मेलेला भाग कुठल्या गोळीनं उठणार? पुढच्या उन्हाळ्यात, भिंतीला टेकलेली असतानाच माय गेली.

भावकीत कुणी कुणी म्हणलं, "पहिल्यांदा तूच चुकीचं लावलंस." न्हाई. ते मी कबूल करत न्हाई, मरेपर्यंत करणार न्हाई. चूक ज्यानं हात मागं घेतला त्याची.

आता वस्तीतलं कुणी दवाखान्याला निघालं की मी संगं जाते, लातूर असो का नांदेड. कुणी बोलवायची वाट बघत न्हाई. भांडखोर म्हणतात मला. म्हणू द्या. परवा नांदेडला एका डॉक्टरनं लांबूनच कागद लिहायला घेतला. मी म्हणले, "आधी नाडी धरा."

तो चिडला. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कुणी का असंना. तुम्ही तपासा."

"बाहेर थांबा."

मी दार आतून लावलं आन् दारालाच पाठ टेकून उभी राहिले. तपासल्याबिगर तिथून मीबी जाणार नव्हते, आन् तोबी.