संपलेली पट्टी

घाटकोपरच्या टेकडीवर मालनची खोली आणि खाली रस्ता, यांच्यामध्ये एकशे बारा पायऱ्या आहेत. बाकीच्या बाया काखेत पोर आणि हातात डबा घेऊन त्या धडाधड उतरतात. मालन मात्र रोज सकाळी उंबऱ्यात बसते, डावा पाय मांडीवर घेते, घोट्याला पांढरी चिकटपट्टी बांधते आणि मगच मुलुंडच्या कारखान्यात नटबोल्ट निवडायला निघते. शेजारणींना वाटतं, पाय जन्मापासूनच असा असेल. वाटू दे बापड्यांना. खरं सांगायचं तर जयाचं नाव घ्यावं लागतं, आणि सकाळी सकाळी ते नाव तोंडात आलं की मालनला चहासुद्धा कडू लागतो.

हीच मालन एकेकाळी वस्तीच्या महिला मंडळाच्या कबड्डी संघात चढाई करणारी पोरगी होती. ती मध्यरेषा ओलांडून गेली की समोरच्या सातजणी भिंतीला पाठ लागल्यासारख्या मागे सरायच्या. मग ब्याऐंशी साली याच पायऱ्यांवर तिचा डावा घोटा मुरगळला. आईने हळदीचा लेप लावला, कुणी तेल चोळलं, सूज उतरली. पण घोट्याने धडा काही घेतला नाही. त्यानंतर सपाट जमिनीवर चालतानाही तो मनाला येईल तेव्हा वळायचा.

जया तिची लहानपणची मैत्रीण, त्याच संघात उजव्या कोपऱ्यावर खेळायची. दिवसा ती एका खाजगी दवाखान्यात आया होती आणि तिथल्या प्लास्टरच्या खोलीत डॉक्टर काय करतात ते डोळ्यांत तेल घालून बघायची. एका संध्याकाळी तिने मालनला ओल्या मातीतून चालायला लावलं आणि उमटलेली पावलं वाकून पाहिली. डाव्या पावलाची बाहेरची कड खोल रुतली होती, आतली बाजू जेमतेम टेकली होती.

"बघ, उचललास की तुझा पाय आत वळून लोंबतो," जया म्हणाली. "खाली येताना बाहेरची कड आधी टेकते. मग घोटा वळणार नाही तर काय?"

मग तिने चिकटपट्टी घोट्याच्या आतल्या बाजूने सुरू केली, टाचेखालून घेतली आणि बाहेरून वर खेचली. तीनदा तसंच केलं, मग घोट्याभोवती वेढे दिले. "आता चाल." मालन चालली. पाय थोडा ताठ वाटत होता, पण पाऊल सरळ खाली येत होतं आणि मातीत अख्खा तळवा उमटला होता. मालनला रडूच आलं. पट्टी घामाने सैल पडायची, म्हणून मध्यंतरात जया ती काढून नवी बांधायची. दोन वर्षं मालन त्या पट्टीच्या आणि जयाच्या जिवावर खेळली.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका मोठ्या कंपनीचे साहेब सामना बघायला येणार असल्याची बातमी आली. कंपनीला आपल्या संघासाठी एक मुलगी हवी होती. एकच. पगार, प्रवासाचा पास आणि कायमची नोकरी. मालनचे वडील वारले होते, आई धुणीभांडी करत होती. संघाचे शिवदास सर म्हणाले, "मालन, ही जागा तुझीच समज." जया शेजारीच उभी होती. तीही हसली.

सामन्याच्या दिवशी पिशवीतून पट्टी काढताना जया कुजबुजली, "ऐक ना, पांढरी पट्टी म्हणजे पाटीच लावल्यासारखं आहे गं, इथे धरा म्हणून. समोरची कोपऱ्यावरची घोट्यालाच हात घालते. आज पट्टी उजव्या पायाला बांधू. ती चांगला पाय धरायला जाईल आणि फसेल."

"मग दोन्ही पायांना बांध ना."

"एकापुरतीच उरली होती. संपली बघ," म्हणत जयाने उजव्या पायाला शेवटचा वेढा दिला आणि पुठ्ठ्याची रिकामी चकती हलवून दाखवली.

डाव झकास जमला. समोरची पोरगी तीनदा उजव्या पायावर झेपावली, तीनदा मालन डाव्या पायाच्या जोरावर सुटून आली. साहेब पुढे सरकून बसले. पण मध्यंतरात मालनला आपला डावा पाय परका वाटायला लागला. "जया, थोडी तरी असेल बघ ना यार." जया पाणी पीत होती. "नाही गं. सांगितलं ना, संपली."

उत्तरार्धात मालन चढाईला गेली. एकीला शिवून ती मागे वळली, अंगाला कुणाचा हातही लागला नव्हता, आणि मोकळ्या मैदानात तिचा डावा पाय कडेवर टेकला. कट् असा आवाज झाला. मालन आपल्याच पायाने पडली.

साहेब शिवदास सरांना म्हणाले, "हिला तर कुणी पाडलंसुद्धा नाही. हिचं कंपनीने काय करायचं?"

जया पिशवी घेऊन धावत आली. "हलू नकोस हां, माझी बाय!" डोळ्यांत पाणी आणून तिने पिशवीत हात घातला आणि घाईघाईत पट्टी बाहेर काढली. कोरी, अख्खी गुंडाळी. दाताने टोक सोडवून तिने मालनचा सुजत चाललेला पाय आईच्या मायेने बांधला. मालन पायाकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष त्या गुंडाळीकडे होतं. केसाने गळा कापतात असं ऐकलं होतं, इथे तर चिकटपट्टीने कापला होता.

जागा जयाला मिळाली. मालन कुणाला काही बोलली नाही. बोलून काय होणार होतं? म्हणणारे म्हणाले असते, पोरीच्या पोटात दुखतंय.

आता जया कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहते. दर वर्षी चौदा एप्रिलला वस्तीत येते, मिठाई आणते आणि पट्टीच्या चार गुंडाळ्या मालनच्या हातात ठेवते. त्या घेताना मालनला स्वतःचीच चीड येते. भिरकावून द्याव्यात असं दर वेळी वाटतं. पण बाजारात पट्टी महाग आणि पायऱ्या एकशे बारा, म्हणून ती निमूट घेते.

यंदाही जया आली. कंपनीच्या संघातल्या नव्या पोरींचं कौतुक सांगत बसली. बोलता बोलता म्हणाली, "मी सगळ्यांचे दोन्ही घोटे बांधते बाई. एकच बांधला की समोरच्याला कळतं." आणि तिने जीभ चावली.

 मग जयाने पर्स उचलली, चपला घातल्या आणि मालनकडे न बघता म्हणाली, "पट्टी संपली की सांग हां."

"सांगेन," मालन म्हणाली. "पण मी खरंच संपल्यावर सांगते."

 एकशे बारा पायऱ्या जया भराभर उतरून गेली. दोन्ही पाय धड होते तिचे.