जपून दाबा

माझी वहिनी वुन क्युक-यिन दिसायला गरीब गाय, पण एकदा का एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शेतकरी संघाच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिने परसात टोमॅटो लावावेत, दुपारच्या गर्दीत माझ्या शेवयांच्या दुकानात येऊन चार वाडगे विसळावेत, एवढीच आमची अपेक्षा. तर बाईसाहेबांनी फोनला आमची हक्का भाषा शिकवायला घेतली.

झालं असं की तिचा फोन चांगला धडधाकट होता, पण बनवणाऱ्या कंपनीने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बँकेचं अ‍ॅपसुद्धा उघडेना. मग तिच्या लेकीने काओश्युंग शहरातून येऊन त्यात फोन चालवणारी दुसरीच प्रणाली घातली. ही कुठल्या कंपनीची नाही. जगभरची हौशी माणसं घरी बसून ती बनवतात आणि ज्याला हवी त्याला देतात. मी म्हटलं, "फुकट? मग नक्की काहीतरी गोम असणार." गोम नव्हती, फोन पळायला लागला. फक्त भाषांच्या यादीत मी नावंही न ऐकलेल्या भाषा होत्या आणि आमची नव्हती. खाली लिहिलं होतं, तुमची भाषा दिसत नसेल तर तुम्हीच घाला. वहिनीने ते मनावर घेतलं.

मग घरात बसणं मुश्कील झालं. आई अंगणात लाल शेंगा सोलत बसलेली असायची आणि ही फोन घेऊन तिच्यापुढे उकिडवी.

"आई, बॅटरी संपत आली, हे आपल्यात कसं म्हणायचं?"

"अंगात त्राण नाही म्हण."

"आणि पासवर्ड?"

"तो काय असतो?"

"कुणाला सांगायचा नाही असा शब्द."

"मग मला कशाला विचारतेस?" आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

वहिनीचा हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर देवळामागच्या केंद्रातल्या तिच्या म्हाताऱ्यांसाठी. त्यांना ती फोन शिकवते, माझी आई त्यातलीच एक. सगळ्यांचे फोन नातवंडांनी टाकलेले, वहिनीने ही प्रणाली घालून जिवंत केलेले. पण पडद्यावर मँडरिन, सरकारी भाषा. ती या बायका शाळेत छडीखाली शिकल्या. वर्गात हक्का बोललं की गळ्यात पाटी अडकवत. अजूनही फोन हातात आला की त्या पाठ ताठ करून बसतात आणि चुकलं की आधी मास्तरीणबाईंकडे, म्हणजे वहिनीकडे, बघतात. वहिनीला याचं फार लागायचं. "आपल्याच फोनला भितात गं त्या," असं ती मला म्हणाली होती.

तेवढ्यात प्रणालीची नवी आवृत्ती येणार असं जाहीर झालं. त्यातच एक वाईट बातमी होती. जुन्या फोनांसाठी ही शेवटची आवृत्ती, पुढची त्यांच्यावर चालणारच नव्हती. म्हणजे हक्का आत्ता आत गेली तर गेली, नाहीतर या बायकांच्या फोनांवर कधीच नाही. वहिनीने जेवणखाण सोडून काम संपवलं आणि सगळी वाक्यं पाठवून दिली. तपासायला तैपेचा श्यू यू-चेंग नावाचा तरुण होता. भला पोरगा, कामही फुकटच करणारा, फक्त हक्कातला एक शब्दही न कळणारा.

चाचणीची आवृत्ती आली तेव्हा मी मुद्दाम दुकान बंद ठेवून वर्गात गेले. पडद्यावर आमचे शब्द बघून बायका हरखल्या होत्या. पण वर्गातल्या फू काकूंनी सुनेला निरोप पाठवला आणि खाली एक भलं मोठं हिरवं बटण उगवलं. त्यावर लिहिलेलं "आन-झी-से". आमच्यात आन-झी-से म्हणजे आभार. काकूंनी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, हळूच, बोटाच्या टोकाने.

"आभार मानतोय बिचारा," काकू म्हणाल्या, "पण दाबायचं कशाला?"

"त्याचा हात हातात घ्या असं म्हणत असेल," आई म्हणाली. मग सगळ्याच जणी दाबत बसल्या.

वहिनी मात्र पांढरीफटक पडली. तिच्या लगेच लक्षात आलं. आन-झी-से लिहायला आम्ही जी चिनी अक्षरं वापरतो, तीच मँडरिनवाल्याने वाचली तर अर्थ होतो "जपून दाबा". यू-चेंगला जागोजागी "जपून दाबा" दिसलं आणि दाबायला तर काहीच दिसेना. पोराला वाटलं, मावशी, म्हणजे वहिनी, बटण घालायला विसरल्या. त्याने मावशींवर उपकार म्हणून प्रत्येक ठिकाणी बटण घालून दिलं.

मी हसून हसून खाली बसले. वहिनी हसली नाही, कारण पुढचं रामायण तिला दिसत होतं. तिने चूक कळवली आणि तिकडे प्रणाली बनवणाऱ्या मंडळींत चर्चेला तोंड फुटलं. एक म्हणाला, सरकारी कोशात पहिलं अक्षर वेगळं आहे, ते घ्या. दुसरी म्हणाली, उत्तरेकडचे हक्का लोक आभाराला वेगळाच शब्द वापरतात, तो घ्या म्हणजे घोटाळा नको. शेवटी ठरायला लागलं की एकमत होत नसेल तर हक्का पुढच्या आवृत्तीत घेऊ. पुढच्या, म्हणजे आमच्या बायकांसाठी कधीच नाही.

"अगं, घाल ना कोशातलं अक्षर," मी म्हटलं. "एका अक्षरासाठी सगळं घालवणार आहेस का?"

"ते अक्षर तुझ्या आईला वाचता येतं का, विचार."

आईला दाखवलं. तिने फोन लांब धरला, जवळ धरला आणि पाठ ताठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी वहिनीने सगळ्या म्हाताऱ्यांना कामाला लावलं. जिथे जिथे आन-झी-से लिहिलेलं दिसेल तिथला फोटो काढायचा. बायका गावभर सुटल्या. देवळातल्या देणगीदारांच्या फळीवर होतं, बस थांब्यावर होतं, फू काकूंच्या दिराच्या अंत्यविधीला आलेल्यांना दिलेल्या रुमालाच्या पाकिटावर होतं. शेवटी वहिनी माझ्या दुकानात आली. गल्ल्याच्या वर माझ्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, तेच शब्द लाल रंगात रंगवलेत, जरा तिरकेच.

"भिंत पुसून घे आधी," वहिनी म्हणाली. "तैपेला जायचाय फोटो. तेलाचे डाग कसले दाखवतेस?"

मी पुसली. त्या तिरक्या अक्षरांवरून फडकं जरा जास्तच वेळ फिरवलं, ते तिने पाहिलं आणि फोटो काढायला उगाच वेळ लावला.

एवढे सगळे फोटो गेल्यावर यू-चेंगचं उत्तर आलं. "मावशी, तुमचं अख्खं गाव मला जपून दाबा म्हणतंय. अक्षर तेच राहील, मी सगळ्यांशी बोललो. बटणं काढून टाकतो. चुकलं माझं."

"चुकलं कसलं," वहिनीने लिहिलं. "जेवायला ये."

खरी आवृत्ती आली त्या दुपारी वर्गात सगळे फोन टेबलावर ओळीने मांडलेले होते आणि बायका हात मांडीवर ठेवून वाट बघत होत्या. आईचा फोन सगळ्यांत जुना, तो सगळ्यांत शेवटी उठला. पडद्यावर अक्षरं आली: झालं एकदाचं. थांबलात, आन-झी-से.

आईने ते मोठ्याने वाचलं. मग टेबलावर कोपर टेकून, अंगणात शेजारणीशी बोलावं तशी ती फोनकडे वाकली आणि म्हणाली, "राहू दे रे, त्यात काय एवढं." आणि वहिनीकडे वळून म्हणाली, "क्युक-यिन, अगं हा आपल्यातलाच निघाला की."