ओहोटीचा मुहूर्त

फोन आला तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, सँट्रीच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनशी भांडत होतो. मेधावहिनींचा आवाज इतका शांत होता की मी आपला नेहमीच्या थाटात म्हणालो, "बोला वहिनी, आज जेवायला काय केलंय?" ... त्यांचा नवरा, माझा जिवलग मित्र अनंता गेला होता. मेनूथला विद्यापीठात, वर्गाच्या दाराशीच कोसळला. माझा हा प्रश्न ऐकून पोट धरून हसला असता असा एकच माणूस, आणि तोच नव्हता.

नागपूरचा अनंता आयर्लंडमध्ये आयरिश पोरांना आयर्लंडचाच भूगोल शिकवायचा. त्याचा सगळ्यात ढ विद्यार्थी मी. पुण्याहून आलो तो हिमालय चढायला निघाल्यासारखे दोन जाड कोट घेऊन. "अरे, बर्फ कुठला इथे? अटलांटिकचा उबदार प्रवाह या बेटाला गोठू देत नाही, आणि वारा वाळू देत नाही!" एकदा जेवताना त्याने माझ्यापुढचं ताट उचललं. "हा बघ देश. डोंगर सगळे काठाला, मध्ये सपाट. पाणी जाईल कुठे? साचतं, दलदल होते." मला पटेना. पुढच्याच रविवारी त्या दलदलीवर फोटोसाठी ऐटीत उभा राहिलो आणि गुडघ्यापर्यंत देशाच्या पोटात गेलो. एक बूट अजून तिथेच आहे.

त्याचे वडील, नाना, नागपूरहून येऊ शकत नव्हते. फोनवर त्यांनी एवढंच मागितलं, "गोदावरी नाही तर नाही. समुद्रात सोडा त्याला, बाप्पा. पण मुहूर्त टळू देऊ नका. तेवढं तरी माझ्या पोराचं नीट होऊ द्या..." मी छाती ठोकून जबाबदारी घेतली. पुण्याच्या गुरुजींकडून अस्थिविसर्जनाचा मुहूर्त काढून घेतला, इथल्या घड्याळात बसवला, तीळ-दर्भही मिळवले. वहिनींना घेऊन स्वोर्ड्सच्या खाडीवर पोचलो, तर खाडीत समुद्रच नव्हता. लांबवर नुसता चिखल, त्यात चोची खुपसणारे पक्षी आणि आडवा पाऊस.

"भावजी, ओहोटी आहे," वहिनी म्हणाल्या. "भरती कधी, ते नाही बघितलंत?"

"मुहूर्त बघितला..."

त्या कलश मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिल्या. मुहूर्त डोळ्यांदेखत टळला. नानांना काय सांगायचं, दोघांनाही सुचेना. असलं काही अडलं की आम्ही अनंताला फोन करत असू.

दुपार कलताना चिखलातल्या चरांमधून पाणी सळसळत आत आलं. घाईघाईने उतरलो. वहिनींनी अस्थी सोडल्या, मी पाकळ्या टाकल्या, आणि हबकलोच. समुद्राकडे काहीच जाईना. सगळं भरतीबरोबर उलटं, गावाच्या दिशेने निघालं.

"वहिनी, हेही चुकलं. पाणी फिरेपर्यंत थांबायला हवं होतं. आत चाललंय सगळं..."

वहिनी त्या पाकळ्यांकडे बघत राहिल्या. त्यांचं घर खाडीच्या त्याच टोकाला आहे. "असू द्या," त्या म्हणाल्या. "घरी चाललेत."

संध्याकाळी फोनवर नानांना वहिनींनी मुहूर्ताचं, भरतीचं सगळं खरं सांगितलं. मग नाना म्हणाले, "घरी गेला ना? मग ठीक." आवाज मात्र ठीक नव्हता.

याला काही आठवडे झाले. ऑफिसला निघताना मी अजून गाडी खाडीकडून घेतो. पाणी भरलेलं असलं की वाटतं, अनंता घरी आहे. चिखल दिसला की दिवसभर कशात लक्ष लागत नाही.