सवतीच्या नावाचं मत

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. त्यातलं बरंचसं विसरलो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावची मतदानाची सकाळ मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तिथं ना रक्त सांडलं, ना काठी उगारली गेली. तरी भीती कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मी ठाण्यात नवाच ठाणेदार. मत सगळ्यांना नव्हतं. ठरावीक शेतसारा भरणाऱ्या खातेदाराला होतं, आणि त्याच्या जोरावर त्याच्या बायकोला. यादीत बायांची नावं क्वचितच. पटवाऱ्यानं 'अमक्याची बायको' एवढंच लिहून पुढचा आकडा टाकलेला असायचा. बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही, म्हणून ओळख पटवायला गावचा पाटील शेजारी बसे. त्यानं मान हलवली की तिला मतपत्रिका मिळे.

आदल्या दिवशी ठाण्याच्या दारात निनावी चिठ्ठी सापडली होती. 'उद्या मेलेल्या बाईचं मत पडणार. सरकारनं डोळे उघडे ठेवावे.' खाली त्या गावाचं नाव. खरं सांगतो, मी घाबरलो. नवी नोकरी, वर कडक साहेब. माझ्या डोळ्यांदेखत तोतया मतदार निघून गेला असता तर माझी धडगत नव्हती. म्हणून नियमात नसलेली एक गोष्ट मी केंद्रप्रमुखांना करायला लावली. प्रत्येक बाईनं स्वतःचं नाव आपल्या तोंडानं सांगायचं.

केंद्र शाळेत होतं. बायांपाशी थांबायला आमच्या हवालदाराच्या म्हाताऱ्या आईला मी सोबत आणलं होतं. पाच-सहा बाया कशाबशा नावं सांगून, मत देऊन गेल्या. मग बाविशी-तेविशीची एक आली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, हातात नवऱ्याच्या यादीतल्या आकड्याचा कागद. नाव विचारलं तर पदराआडचा हात गळ्याशी गेला. शेवटी एक नाव पुटपुटली.

एका उमेदवाराचा माणूस ताडकन उठला. "साहेब, हे नाव त्या खातेदाराच्या बायकोचंच हाये. पण थे बाई मरून दोन वर्सं झाली! मी सोता तिच्या मयतीले होतो!"

चिठ्ठी खरी ठरली असं मला वाटलं. मी त्या बाईला बाजूच्या वर्गात बसवलं. तो खातेदार सकाळीच मत देऊन कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेलेला. मी पाटलांना विचारलं, "ही कोण?"

"मी कसं सांगू साहेब? आमच्याच भावकीतली सून असन. पण आमी सुनायची तोंडं कुठं पाह्यतो?"

"मग सकाळपासून मान कशावर हलवत होतात?"

"पदरावर," पाटील खाली पाहत म्हणाले.

मग मी तिला विचारायला लागलो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, खोटं नाव सांगितलं तर तुरुंग आहे म्हणालो. ती भिंतीला चिकटून बसली.  माझ्या अनुभवात चोर काहीतरी खोटं तरी बोलतो. ही खोटंही बोलेना, आणि मी तिकडं लक्ष दिलं नाही. रिपोर्ट लिहिला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. आरोपीचं नाव अमुक.

ते नाव ऐकताच ती किंचाळली.

"तिचं नाव नोका लिवू! खोडा थे! मायं लिवा, मले न्या!" आणि तिनं आपलं नाव सांगितलं. एकदा नाही, दोनदा, खणखणीत.

तिची मूठ गळ्याशी घट्ट आवळलेली होती. म्हातारीनं ती हळूच सोडवली. आत चांदीचा छोटा टाक होता, त्यावर बाईची आकृती.

"साहेब, हा सवतीचा टाक हाये," म्हातारी म्हणाली. "पयली मेली का दुसरीच्या गळ्यात बांधतेत. हे बिजवराची बायको हाये." मग तिच्याकडं वळून, "पण तू तिचं नाव काहून सांगतलं वं?"

"घरात नवं काई आलं का पयले तिले, मंग मले. सरकारनं पयल्यांदा काई देल्लं, थे बी पयले तिलेच द्या लागन ना? मागच्या पोळ्याले लुगडं तिले न देता तसंच नेसली, तं पोटचं गेलं. आता पाचवा महिना हाये."

काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी माझी गत. पाटलांचं घर शाळेला लागून होतं. पाटलीणबाईंना बोलावलं, त्यांनी दारातूनच ओळखलं. "हे तं आमच्या भावकीतल्या धाकल्या दिराची दुसरी बायको! हिले काहून बसवून ठेवलं?" सुनांची तोंडं पाहिलेलं माणूस भिंतीपलीकडं होतं आणि ते कुणालाच सुचलं नाही. भावकीतलं दुसरं लग्न पाटलांनाही ठाऊक होतं; पण मी विचारलं नाही आणि गणवेशापुढं त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. यादीत नुसतं 'बायको' होतं, म्हणजे मत हिचंच होतं. गुन्हा घडलाच नव्हता.

मी मेलेलीच्या नावावर रेघ मारून सही केली. ती कागदाकडं पाहत राहिली. "अजून दिसून राह्यलं," म्हणाली. मी तो कागद तिच्यासमोर फाडला. सरकारी कागद मी नोकरीत तेवढाच एकदा फाडला. केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, आता मत द्या." तिनं नाही म्हणून मान हलवली आणि मत न देताच भिंत धरत निघून गेली.

मी बाहेर आलो. आवारात एकही बाई नव्हती. एकीला पोलिसांनी धरलं म्हणताच सगळी रांग घरोघर परतली होती. मयतीला गेलेला तो माणूस निंबाखाली पान लावत बसला होता. मयतीला जाणाऱ्याला त्या घरचं दुसरं लग्न ठाऊक नसेल? पुढच्या आठवड्यात कळलं, तशीच चिठ्ठी, त्याच अक्षरातली, आणखी दोन ठाण्यांना गेली होती. लिहिणारा सापडला नाही. मेलेलीचं मत अडवायला मी गेलो, आणि जिवंत बायांची मतं मीच घालवली. चिठ्ठीवाल्याला हवं होतं ते काम त्यानं सरकारी गणवेशाकडून फुकटात करवून घेतलं.

पुढं कुठलीही खबर आली की मी आधी विचारी, ही खरी निघाली तर कोण भिणार, आणि त्या भीतीचा फायदा कुणाला? एवढं त्या बाईनं मला शिकवलं. दोघींची नावं मी इथं मुद्दाम लिहिलेली नाहीत. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

टाकाबिकावर माझा विश्वास नाही. तरी बदली होईपर्यंत त्या गावच्या कामाला मी हवालदारालाच पाठवत राहिलो. तिचं मूल जगलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. ते मी कधी विचारलं नाही.