आत्याने तपासलेली गाडी

आतोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आत्याच्या घरातली दोन वाहनं एकदमच बंद पडली. आतोबा दोन महिन्यांत काठी टेकत चालायला लागले. गाडी मात्र पाच महिने इमारतीखाली धूळ खात राहिली, कारण ती चालवायचा हक्क फक्त आतोबांचा. आत्याकडेही लायसन्स होतं, पण ते ओळखपत्र म्हणूनच कामी यायचं.

आत्या म्हणजे निवृत्त सिस्टर. अपघात विभागात एकतीस वर्षं काढल्यामुळे तिला कशाची घाई नसे आणि कुणाची भीड नसे.

एका रविवारी सकाळी आतोबांनी गाडीत बसून किल्ली फिरवली. टक, टक, टक. पुढे काही नाही. पाच मिनिटांत सल्लागार मंडळ गोळा झालं. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, "इंजिन जाम झालंय." आत्याचे धाकटे दीर म्हणाले, "विकून टाक, दादा." आतोबा सगळ्यांचं ऐकत दर वेळी किल्ली आणखी जोरात पिळत होते.

आत्या गलका ऐकून खाली आली. "उठा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पेशंट बोलत नाही, एवढाच फरक. तुमच्यापेक्षा बराच म्हणायचा."

तिने हॉर्न दाबला. तो आजारी शेळीसारखा कण्हला. दिवे लावले, तर जेमतेम मिणमिणले. "अंगात जीवच नाही. बॅटरी उतरलीय." बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली. आत्याने हातमोजे चढवले, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवला आणि ब्रशने टोकं लख्ख घासली. ब्रश जुना होता, असं तिचं म्हणणं. आतोबांचं म्हणणं, तो त्यांचा होता आणि सकाळीच वापरलेला.

मग प्राध्यापकांची गाडी शेजारी आणून केबल जोडल्या. आता इंजिन जोमात घरघरलं, पण पेटेना.

"मी म्हटलंच होतं, विका," दीर म्हणाले.

"भावजी, जरा गप्प बसता का? मला ऐकू द्या." आत्याने मागच्या सीटला कान लावला. "अहो, किल्ली नुसती चालू करा. स्टार्ट नको."

सगळे श्वास रोखून उभे. काहीच ऐकू आलं नाही.

"पंप बंद आहे. टाकीतला पंप आधी दोन सेकंद गुणगुणतो. तुम्ही भाऊ-भाऊ पुढे बसून मला इतकी वर्षं मागे बसवलंत ना, तो आवाज मला पाठ आहे."

पंपाचा फ्यूज उडालेला निघाला. नवा घातला, तोही लगेच उडाला. आत्या हट्टाला पेटणारी नव्हे. "पुन्हा पुन्हा उडतोय, म्हणजे वायर कुठेतरी उघडी पडून पत्र्याला टेकलीय." किल्ली काढून तिने मागची सीट उचलली. खाली उंदराचा सुखी संसार मांडलेला होता. सीटमधल्या फोमची गादी केलेली आणि भूक लागेल तेव्हा पंपाची वायर. आत्याने कुरतडलेल्या जागी घट्ट टेप गुंडाळली, आणखी एक फ्यूज घातला आणि स्वतःच किल्ली फिरवायला पुढे बसली.

या वेळी मागून गुणगुण ऐकू आली. दोनदा खोकून गाडी सुरू झाली. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. दीर घड्याळ बघत निघून गेले.

"सरक आता," आतोबा म्हणाले.

"पलीकडून बसा," आत्या म्हणाली आणि सीट पुढे ओढून घेतली. आतोबा काठी घेऊन दुसऱ्या दाराकडे गेले.

टायरमध्ये हवा भरून ती दोघं थेट बाजारात गेली. तिथे गाडी लावायला आत्याला पंधरा मिनिटं लागली. मागे तिघं हॉर्न वाजवत होते. आतोबा खिडकीकडे तोंड करून ओळख नसल्यासारखे बसले. आत्याने हात बाहेर काढून तिघांना धीर धरायची खूण केली आणि गाडी आणखी एकदा मागे घेतली, कारण ती अजून तिरकी होती.